डागांचा माग

बँकेच्या नोकरीत माणसे पारखावी लागतात. निदान आम्हाला तसे शिकवले होते. कर्ज मागायला आलेला माणूस खुर्चीत कसा बसतो, बोलताना नजर कुठे ठेवतो, सात-बाऱ्याची घडी किती जपून उलगडतो, यावरून म्हणे त्याची पत ओळखता येते. ही विद्या मी सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून तीसेक वर्षे वापरली. आपण त्यात बऱ्यापैकी तरबेज आहोत, असा माझा समज होता.

१९८९ साली मी सांगलीला होतो. हंगामी शिपायाची एक जागा भरायची होती आणि मुलाखतीला बसलेल्या तिघांत मी वयाने सर्वांत धाकटा. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या एका खेड्यातून एक मुलगा आला होता. दहावी पास, अक्षर वळणदार, विचारले तेवढ्याचेच उत्तर देणारा. आम्ही त्याला जवळजवळ घेतलेच होते. तेवढ्यात कशावरून तरी तो हसला आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढचे दात तपकिरी, त्यांवर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे, एका दातावर तर सुईने टोचावे तसे खड्डे. विशीतल्या पोराचे तोंड असे म्हणजे तंबाखू नाहीतर मिश्री, हे आम्ही न बोलताच ठरवून टाकले. शेऱ्याच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला : व्यसन. त्याला मात्र काही विचारले नाही.

मिश्रीचा संशय अगदीच हवेतला नव्हता. आमच्याकडे, विशेषतः बायकांत, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ ती दातांना लावत बसायचे, ही रीत फार जुनी. माझी आईसुद्धा लावायची. १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने बंदी केली. पण घरच्या तव्याला कोण बंदी करणार? असो. मिश्रीने दात काळे पडतात, हे मी लहानपणापासून पाहिलेले होते. त्या मुलाच्या दातांवरचा डाग वेगळा होता, हे पाहण्याइतकी नजर मात्र नव्हती.

ती नजर मिळाली ती निवृत्तीनंतर, नातीच्या निमित्ताने. तिला टूथपेस्ट गोड लागते म्हणून ती चाटून खायची आणि आम्ही दोघे आजी-आजोबा कौतुकाने पाहत बसायचो. दंतवैद्य असलेल्या तरुण मुलीने आम्हा दोघांची चांगली कानउघाडणी केली. पेस्टमध्ये फ्लोराईड असते, ते दातांना लागले तर चांगले आणि लहानपणी सतत पोटात गेले तर पक्क्या दातांवर कायमचे डाग ठेवून जाते, असे तिने समजावले आणि मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. तपकिरी दात, खडूचे पट्टे, सुईचे खड्डे. तीस वर्षांपूर्वीचा तो मुलगा माझ्यासमोर पुन्हा हसला. हा डाग कुणी शोधला, असे मी विचारले तेव्हा तिने नाव सांगितले : फ्रेडरिक मॅके. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला हे नाव परीक्षेपुरते तरी पाठ असते. मी मात्र परीक्षा संपल्यावर त्याच्या मागे लागलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला अशी खोड असते.

फ्रेडरिक समटर मॅके १८७४ साली अमेरिकेत जन्मला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेऊन तो १९०१ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी व्यवसाय थाटायला गेला. पाइक्स पीक पर्वताच्या पायथ्याचे हे गाव. हवा स्वच्छ, पाणी डोंगरातले. नव्या डॉक्टरने पाटी लावली, आणि येणाऱ्या रोग्यांच्या तोंडात त्याला असे काही दिसले, की जे त्याच्या कॉलेजच्या कुठल्याच पुस्तकात नव्हते. गावात जन्मलेल्या माणसांचे दात तपकिरी, काहींचे तर चॉकलेटच्या रंगाचे. गावकऱ्यांना त्याचे काहीच वाटत नव्हते. कुणी म्हणे, डुकराचे मांस फार खाल्ल्याने होते; कुणी निकस दुधाला दोष देई; कुणी पाण्यातल्या चुन्याला. डागाला गावाचेच नाव पडलेले होते : कोलोरॅडोचा तपकिरी डाग. आपल्याकडे एखाद्या गावचे पाणीच तसे, असे म्हणून विषय संपवतात ना, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे त्या म्हणण्यातच उत्तर दडलेले होते, पण ते सापडायला तीस वर्षे जायची होती.

मॅकेने गावातल्या इतर दंतवैद्यांना गाठले. बहुतेकांनी त्याला वेड्यात काढले. डाग दुखत नाही, डागामुळे कुणी मरत नाही, आणि तो काढून टाकता येत नाही. मग त्यात धंदा कुठला? हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. बँकेतही ज्या खात्यातून व्याज येत नाही, त्याची फाईल कुणी उघडत नाही. मॅके फाईल उघडून बसला. रोजचे दात काढणे-भरणे सांभाळून तो नोंदी ठेवत राहिला. आपल्या एकट्याच्या शब्दाला वजन नाही, हे ओळखून त्याने त्या काळातल्या सर्वांत मोठ्या माणसाला पत्र घातले. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे प्रमुख ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक. आधुनिक दंतवैद्यकाचा पाया ज्यांनी घातला, ते हे ब्लॅक. इतका ठळक रोग आजवर कुठल्याच ग्रंथात नोंदला गेलेला नाही, यावर ब्लॅक यांचा आधी विश्वासच बसेना.

मग मॅकेने जे केले, ते मला त्याच्या आयुष्यातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. वाद न घालता त्याने मोजणी केली. गावातल्या शाळांमधल्या मुलांची तोंडे तपासली. गावात जन्मलेल्या दर दहा मुलांमागे जवळजवळ नऊ मुलांच्या दातांवर तो डाग होता. हे आकडे पाहून १९०९ साली ब्लॅक स्वतः कोलोरॅडोला आले. रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडातले डाग दुरूनच दिसताहेत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि आपल्या आयुष्याची उरलेली सहा वर्षे, १९१५ साली मृत्यू येईपर्यंत, ते या प्रश्नाला चिकटून राहिले. दोघांच्या कामाचा वृत्तांत १९१६ साली, ब्लॅक गेल्यानंतर, प्रसिद्ध झाला.

त्या वृत्तांतातल्या दोन गोष्टी वाचून मी थबकलो. पहिली अशी, की हा डाग बाहेरून लागत नाही. दात हिरडीच्या आत घडत असतानाच त्याच्या कवचात तो दोष बसतो. त्यामुळे पक्के दात पूर्ण तयार झाल्यावर जो माणूस त्या गावी राहायला येतो, त्याला काही होत नाही. आणि ज्याचे बालपण तिथे गेले, त्याने पुढे जन्मभर दुसऱ्या गावी दात घासले तरी डाग जात नाही. म्हणजे आमच्या त्या मुलाच्या दातांवर जे होते, ते तो पाच वर्षांचा व्हायच्या आत लिहिले गेले होते. त्यावर मी माझा शब्द लिहिला.

दुसरी गोष्ट कुणालाच अपेक्षित नव्हती. असले कुरूप, खडबडीत दात लवकर किडायला हवेत. प्रत्यक्षात ते किडत नव्हते. त्या काळी अमेरिकेत तरुणपणीच दात काढून कवळी बसवणे सर्रास चाले, आणि इथे हे डागाळलेले दात ठणठणीत उभे. ब्लॅक आणि मॅके दोघेही चक्रावले. मॅकेने हे कोडेही नोंदवून ठेवले आणि पुढे चालू लागला.

डाग फक्त कोलोरॅडोत नव्हता. अमेरिकेत येणाऱ्या इटालियन लोकांची तपासणी करताना जे. एम. ईगर नावाच्या सरकारी डॉक्टरने १९०१ सालीच नेपल्सकडच्या माणसांचे असे दात नोंदवले होते. मॅकेचा संशय हळूहळू पाण्यावर पक्का होत गेला. १९२३ साली तो आयडाहो राज्यातल्या ओकली या लहान गावी गेला. तिथल्या आईबापांनी त्याला सांगितले, की पाच मैलांवरच्या उन्हाळ्यातून, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यातून, गावाला नळाने पाणी आणल्यावर मुलांच्या दातांवर डाग यायला लागले. मॅकेने ते पाणी तपासून घेतले. प्रयोगशाळेला त्यात काहीच वावगे सापडले नाही. तरीही त्याने सांगितले, हा नळ बंद करा आणि दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्या. कारण माहीत नाही, पुरावा अपुरा, आणि गावाने पैसे खर्च करून बांधलेला नळ! तरी गावाने ऐकले. काही वर्षांनी पाहिले तर नंतर जन्मलेल्या मुलांचे दात स्वच्छ येत होते. दंतवैद्यकाच्या इतिहासातला हा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेत झाला नाही. चार आईबापांचे म्हणणे एका डॉक्टरने खरे मानले म्हणून तो झाला.

आता राहिला प्रश्न पाण्यात काय आहे हा. आर्कान्सामध्ये बॉक्साइट नावाचेच एक गाव आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजावर वसलेले, अल्कोआ कंपनीचे. १९०९ साली तिथे खोल विहिरींचे पाणी सुरू झाले आणि त्यानंतर वाढलेल्या मुलांचे दात डागाळले. पाच मैलांवरच्या बेंटन गावात मात्र सगळे ठीक. सरकारी आरोग्य खात्याच्या ग्रोव्हर केम्फ यांच्याबरोबर मॅके तिथे जाऊन आला. नेहमीच्या तपासणीत पुन्हा काही निघाले नाही. पण त्यांचा अहवाल कंपनीचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या टेबलावर पोचला. चर्चिल यांची चिंता वेगळीच होती. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेले अन्न विषारी असते, अशी आवई तेव्हा उठलेली होती. त्यात या अहवालाने भर पडली तर धंद्याची धूळधाण. त्यांनी आपल्या पाण्याची वर्णपटाने, म्हणजे प्रकाशाचे पृथक्करण करून, तपासणी करवली. साहाय्यकाने उत्तर आणले : फ्लोराईड. चर्चिल यांना ते पटेना. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड कसे असेल? पुन्हा तपासले, उत्तर तेच. प्रमाण दहा लाखांत १३ भागांहून अधिक. जानेवारी १९३१मध्ये चर्चिल यांनी मॅकेला सविस्तर पत्र लिहिले आणि डागाळलेल्या गावांची पाण्याची बाटली पाठवा, असे कळवले. कोलोरॅडोचेही पाणी गेले. तिथेही फ्लोराईड. तीस वर्षे ज्याच्या मागे तो फिरत होता, ते दर वेळी बाटलीत होतेच. कुणी त्याचा शोधच घेतला नव्हता, कारण ते असेल असे कुणाच्या मनात आले नव्हते. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनात मार्गारेट कॅमॅक स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग करून हेच स्वतंत्रपणे दाखवले.

मॅकेच्या जागी दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. पण दुसरे कोडे अजून वहीत होते : हे दात किडत का नाहीत? ते सोडवायचे काम सरकारी आरोग्य खात्यातल्या ट्रेंडली डीन यांनी हाती घेतले. डीन मोजमापाचा माणूस. त्यांनी डागांच्या पायऱ्या ठरवल्या, गावोगावचे पाणी मोजले, आणि १९४२ सालापर्यंत २१ शहरांतल्या बारा ते चौदा वयाच्या सात हजारांहून अधिक मुलांचे दात तपासून झाले. दहा लाखांत एक भाग, म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम, इतके फ्लोराईड असलेल्या गावांत ठळक डाग दिसत नव्हते आणि कीड मात्र बरीच कमी होती. त्यावरून मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने २५ जानेवारी १९४५ रोजी आपल्या पाण्यात मोजून फ्लोराईड घातले. जगातले असे पहिले शहर. अकरा वर्षांनी, नंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून जास्त घटल्याचे डीन यांनी जाहीर केले. १९५२ साली मॅके आणि डीन या दोघांना मिळून अमेरिकेतले मानाचे लास्कर पारितोषिक मिळाले. मॅके तेव्हा अठ्ठ्याहत्तरीचा होता. १९५९ साली तो वारला.

हे कसे घडते, ते मी माझ्या भाषेत समजून घेतले आहे. दात हे चालू खाते आहे. आपण गोड खाल्ले, की दातांवरच्या थरातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दातातले कॅल्शियम आणि फॉस्फेट काढून नेते. थोड्या वेळाने लाळ ते परत जमा करते. दिवसातून दोन-तीनदा काढले तर खाते तगते. दर अर्ध्या तासाला काढत राहिले तर बुडते. फ्लोराईड जमा लवकर करून देते आणि जमा झालेले सहजासहजी काढू देत नाही. पूर्वी वाटे, की फ्लोराईड पोटातून दातात जाऊन काम करते; आता असे मानले जाते, की त्याचा मोठा उपयोग दातांच्या पृष्ठभागावरच, रोज थोडेथोडे लागत राहण्याने होतो. म्हणून ते पेस्टमध्ये आले, आणि म्हणून ते गिळायचे नसते.

आमच्या भागाला हे खाते समजावणे सोपे नाही. साताऱ्याचे कंदी पेढे, सांगलीची गूळपेठ, तासगावचा बेदाणा, आणि कृष्णेच्या दोन्ही काठांना ऊस! हळद-बेदाण्यावरची मालतारण कर्जे आणि उसाची पीककर्जे यांवर माझ्यासारख्यांचे संसार उभे राहिले. तेव्हा साखरेवर तोंडसुख घ्यायचा अधिकार मला नाही. साखर किती यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकट, यावर कीड ठरते, हे स्वीडनमधल्या व्हीपेहोल्म येथे १९४५ ते १९५३ या काळात सिद्ध झाले. ते कसे, हे वाचून मात्र झोप लागली नाही. मतिमंदांच्या संस्थेतल्या, कसलीही संमती देऊ न शकणाऱ्या माणसांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडवले गेले. निष्कर्ष आजही पुस्तकांत आहे. मॅकेने तीस वर्षे घेतली, पण कुणाचा दात पणाला लावला नाही.

आपल्या देशात ही गोष्ट उलट्या टोकाने आली. १९३७ साली मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोराईडच्या विषबाधेचे वृत्त प्रसिद्ध झाले, आणि तिथे डागाळलेल्या दातांपाशी दुखणे थांबत नव्हते. माणसांचे कणे आणि सांधे आखडलेले होते. पुढे अनेक राज्यांत हे आढळले. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतली गावे यासाठी ओळखली जातात. पाऊस हटला, की बोअर आणखी खाली जाते, आणि खोल खडकात मुरलेल्या पाण्यात फ्लोराईड जास्त असण्याची शक्यता वाढते. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नलगोंडा पद्धत बसवून दिली. आपल्या मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगले. दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यायचे.

अमेरिकेतही आता वारे फिरले आहे. पेस्ट घरोघर पोचल्यामुळे पाण्यातल्या फ्लोराईडचा फायदा पूर्वीइतका मोठा दिसत नाही, असा २०२४चा एक आढावा सांगतो; जास्त प्रमाणाचा मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो का, यावरही वाद आहे; आणि २०२५ साली यूटा व फ्लॉरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराईड घालणे बंद केले. मॅकेला याचे आश्चर्य वाटले नसते, असे मला वाटते. एकच पदार्थ विद्रूप करतो आणि राखतोही, हे त्याने सर्वांत आधी पाहिलेले होते.

आमच्या घरापुरते सांगायचे तर, नातीच्या ब्रशवर आता वाटाण्याएवढी पेस्ट असते, आणि धाकट्या नातवाच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी. तीन वर्षांच्या आत तेवढीच पुरे. घासून झाल्यावर थुंकले की नाही, हे पाहायची जबाबदारी आजोबांकडे आहे.

गेल्या हिवाळ्यात पूर्व भागातल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनाला गेलो होतो. परतताना गाडी त्या मुलाच्या गावावरून नेली. शाळेजवळच्या हातपंपावर लाल रंगाचा पट्टा होता. पाण्यात फ्लोराईड जास्त निघाल्यामुळे तो पंप पिण्यासाठी बंद केला आहे आणि बारा-तेरा वर्षांपासून गावाला नळाने दुसरे पाणी येते, असे गुरुजींनी सांगितले. शाळा सुटत होती. दहावीची मुले बाहेर पडली; पाहुणा दिसताच त्यांतल्या दोन मुली ओठ मिटून हसल्या, तरी तपकिरी कड दिसलीच. त्यांच्यामागून चौथीचा वर्ग ओरडत आला. मी गाडीपाशी उभा राहून, लोकांना काय वाटेल याची पर्वा न करता, एकेका पोराच्या तोंडाकडे पाहत होतो. सगळ्यांचे पुढचे दात स्वच्छ. एकाचा फक्त अर्धा पडलेला, तो बहुधा झाडावरून पडला असावा.

गुरुजींना मी त्या मुलाचे नाव विचारले. आडनावावरून त्यांना घर लागले. तो पुण्याला असतो, टेम्पो चालवतो, दिवाळीला येतो, म्हणाले. फोन नंबर हवा का, असेही विचारले. मी वहीत लिहून घेतला आहे.